कागदाची मागची बाजू

पाकीट आलं तेव्हा त्याचे दोन्ही हात एका गृहस्थांच्या तोंडात होते. मदतनीस ताईंनी पोस्टमनच्या कागदावर सही केली, पाकीट बेसिनच्या कडेला उभं करून ठेवलं आणि म्हणाल्या, "डेंटल कौन्सिलचं आहे. परत कमिटीवर बोलावतायत वाटतं तुम्हाला." त्याने नुसती मान हलवली. दाढेतलं सिमेंट घट्ट व्हायला चार मिनिटं लागतात. त्या चार मिनिटांत डॉक्टरला काही करता येत नाही, कापसाचा बोळा दाबून धरायचा आणि कुठेतरी बघत राहायचं. तो पाकिटाकडे बघत राहिला. गृहस्थ गेल्यावर त्याने हातमोजे काढले, हात धुतले, पुसले आणि पाकीट फोडलं. पहिला परिच्छेद वाचला नाही. त्यात काय असतं ते त्याला ठाऊक होतं. नजर थेट दुसऱ्यावर गेली. 'ही केवळ प्राथमिक चौकशी असून तिचा अर्थ दोषारोप असा घेऊ नये.' हे वाक्य त्याचंच होतं. आठ वर्षांपूर्वी, कमिटीवर नवा असताना, ज्या दंतवैद्यावर तक्रार आली आहे त्याला जरा धीर यावा म्हणून त्याने ते पत्राच्या मसुद्यात घातलं होतं. त्या एका वाक्यावर तेव्हा अर्धा तास चर्चा झाली होती. पुढच्या सहा वर्षांत त्याने त्याखाली किती सह्या केल्या असतील? दीडशे, दोनशे. ते हातात पडल्यावर माणसाचं काय होतं हे त्याला आज कळलं. धीर येत नाही. 'दोषारोप' हा एकच शब्द दिसतो, बाकीचे त्याच्या आजूबाजूला नुसते उभे असतात.

सोबत तक्रारीची प्रत होती. रेघांच्या कागदावर, मोठ्या, सुट्या अक्षरांत. बाई शिवणकाम करणाऱ्या. सात महिन्यांपूर्वी त्याने त्यांची खालची उजवी अक्कलदाढ काढली होती. तेव्हापासून खालचा ओठ उजव्या बाजूला बधिर होता. 'मी ओठांत टाचण्या धरून काम करते. वीस वर्षं करते. आता टाचणी ओठात आहे की पडली ते मला कळत नाही. एक घशापर्यंत गेली होती. चहा सांडतो ते ब्लाउज ओला झाल्यावर समजतं. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधी सांगितलं नाही. माझे मिस्टर म्हणतात, सांगितलं असेल, तुझंच लक्ष नसेल. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं एवढं मला लिहून पाहिजे. बाकी काही नको.' त्याने हे सवयीने वाचलं, म्हणजे पेन्सिल घेऊन. 'आधी सांगितलं नाही' याखाली रेघ मारली. 'बाकी काही नको' याखाली मारली, मग खोडली. कमिटीवर असताना तो नव्या सदस्यांना सांगायचा की तक्रारदाराला काय हवंय ते शेवटच्या ओळीत असतं, वरचा सगळा फापटपसारा असतो. इथे फापटपसारा नव्हता.

दाढ काढायलाच हवी होती. मूळ ओठाकडे जाणाऱ्या शिरेला चिकटलेलं होतं, शंभरात एखाद्याचा ओठ असा राहतो, कुणाच्याही हातून राहतो. हातावर कुणी बोट ठेवू शकणार नव्हतं. प्रश्न हाताचा नव्हता, तोंडाचा होता, आणि तेही बाईंच्या नाही, त्याच्या. सांगितलं होतं का? त्याने डोळे मिटून तो बुधवार आठवून पाहिला. ताई त्या दिवशी भाचीकडे गेल्या होत्या. बाईंनी खुर्चीवर बसताना चपला काढून नीट जोडीने ठेवल्या होत्या. मानेशी, कॉलरच्या आतल्या बाजूला चार-पाच टाचण्या टोचलेल्या होत्या आणि तो म्हणाला होता, "ही हत्यारं तेवढी बाजूला ठेवा, नाहीतर आधी मलाच इंजेक्शन बसेल." त्या हसल्या होत्या. "दुखेल का?" त्यांनी विचारलं होतं. "मुंगी चावल्यासारखं." हे आठवत होतं. पण हे आठवत होतं म्हणजे काय, हे तो तीस वर्षं प्रत्येकाला म्हणत आला होता. मुंगीच्या पुढे काय? ओठाबद्दल? त्याने ते वाक्य मनात म्हणून पाहिलं, 'क्वचित ओठ बधिर राहू शकतो बरं का,' आणि त्याला जाणवलं की ते तोंडात नीट बसत नाही, नव्या कवळीसारखं कुठेतरी टोचतं. बोलून बोलून गुळगुळीत झालेलं ते वाक्य नव्हतं.

त्याचं कारण शिक्का होता. पाच-सहा वर्षांपूर्वी कौन्सिलच्या एका शिबिरात त्याने दोनशे दंतवैद्यांपुढे भाषण केलं होतं. "तुम्ही पेशंटला काय सांगितलं ते देवाला ठाऊक. काय लिहिलं ते आम्हाला दिसतं. जे कागदावर नाही ते घडलंच नाही!" टाळ्या पडल्या होत्या. दुसऱ्याच आठवड्यात त्याने स्वतःसाठी रबरी शिक्का करून घेतला: 'संभाव्य धोके रुग्णास समजावून सांगितले.' जांभळी शाई. केसपेपरच्या तळाशी 'उपचारास माझी संमती आहे' असं छापलेलं होतं आणि खाली सहीची रेघ. शिक्का त्याच्या वरच्या मोकळ्या जागेत बसायचा. सुरुवातीला तो सांगून झाल्यावर मारायचा. मग ताई म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचे हात ओले असतात, शाई पसरते, मीच मारून ठेवते की." तेव्हापासून त्या रोज सकाळी चहा घेता घेता वीस कोऱ्या कागदांवर शिक्के मारून गठ्ठा तयार ठेवत. ठक, ठक, ठक. पोस्टात बसल्यासारख्या. आणि शिक्का मारलेला कागद समोर आला की त्याला वाटे, हे झालंय. सांगणं कधी बंद पडलं ते त्याला सांगता आलं नसतं. एका दिवशी पडलं नव्हतं. आधी दोन वाक्यांचं एक झालं, मग एकाचं अर्धं, मग फक्त मुंगी उरली.

बाईंचा कागद त्याने कपाटातून काढला. ताई रजेवर असल्यामुळे शिक्क्याचा गठ्ठा संपला होता आणि त्याने नव्या पुडक्यातून कोरा कागद ओढला होता, हे कागदच सांगत होता. तळाशी सही होती, घाबरून केल्यासारखी, रेघेच्या खाली उतरत गेलेली. वरच्या मोकळ्या जागेत एक्स-रेची चिठ्ठी टाचणीने लावलेली होती. दवाखान्यात टाचण्या नसतात, स्टेपलर असतो. पण ते तेव्हा त्याच्या लक्षात आलं नाही. त्याने चिठ्ठी वर उचलून पाहिली. खाली कोरं. तो त्या कोऱ्या जागेकडे बराच वेळ बघत राहिला आणि त्याला चष्मेवाला आठवला.

चष्मेवाला म्हणजे चार वर्षांपूर्वी कमिटीपुढे आलेला एक तरुण दंतवैद्य. उपचार बरोबर होते, पण केसपेपरवरच्या शेवटच्या दोन ओळी नंतर घातलेल्या होत्या. हे इतर कुणाला दिसलं नव्हतं. याने कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला होता आणि दोन काळ्या शाईंमधला फरक सगळ्यांना दाखवला होता. एक निळसर, एक तपकिरीकडे झुकणारी. चष्मेवाल्याने आढेवेढे घेतले नाहीत. "हो सर, नंतर लिहिलं. तक्रार आल्यावर घाबरलो." एवढंच. रडला नाही, हात जोडले नाहीत, आणि कमिटीला तेच खुपलं. पश्चात्ताप दिसत नाही, असं ठरलं. निकालपत्र याने लिहिलं होतं: 'दाताची चूक दुरुस्त करता येते, नोंदीची नाही.' दीड वर्षासाठी नोंदणी निलंबित. ते वाक्य कौन्सिलच्या वार्षिक अहवालात चौकटीत छापून आलं होतं. मागच्या वर्षी तो मुलगा दवाखान्यात आला, हातात बॅग, एका कंपनीचं सिमेंट विकायला. निलंबन केव्हाच संपलं होतं, पण दवाखाना त्याने परत उघडला नव्हता. "बसत नाही हो सर हात आता," असं म्हणाला, तक्रारीच्या सुरात नाही, हवापाणी सांगितल्यासारखं. आणि जाताना, "तुमचं ते वाक्य पाठ आहे मला." याने दोन डबे घेतले होते. सिमेंट बरं होतं.

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "एवढं काय त्यात?" ती म्हणाली. "सांगितलं असशीलच तू."

"आठवत नाही."

"आठवत नाही म्हणजे सांगितलं असशील. तू कुणाला काही सांगितल्याशिवाय सोडतोस का? मला साधं गॅस बंद करायचं तीनदा सांगतोस." तिने एक उशीचा अभ्रा झटकला. "त्या बाईचंच लक्ष नसेल."

हे वाक्य त्याने आजच कुठेतरी वाचलं होतं. रेघांच्या कागदावर. त्याला क्षणभर वाटलं की शहरात कुठेतरी दुसऱ्या एका खोलीत, कापडाच्या तुकड्यांत बसलेल्या बाईला तिचा नवराही हेच म्हणत असेल, अशाच आवाजात, हातातलं काम न थांबवता. आणि तिथे ते वाक्य तिला गप्प करत असेल आणि इथे त्याला वाचवत असेल. त्याने जीभ दातांवरून फिरवली. खालचा ओठ दातांत धरून जरा चावला. दुखलं.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर गेला. मनाशी काय ठरवलं होतं ते त्याने स्वतःलाही स्पष्ट सांगितलं नव्हतं. कदाचित कागद आहे तसा पाठवायचा, वर एक ओळ लिहून: सांगितल्याचे स्मरत नाही. कदाचित शिक्क्याचा खण उघडायचा. दोन्ही शक्यता त्याच्या हातांत सारख्याच वजनाच्या होत्या. पण ताई त्याच्याही आधी आल्या होत्या. टेबलावर बाईंचा कागद होता. गंजू लागलेली टाचणी काढून एक्स-रेची चिठ्ठी वरच्या कोपऱ्यात स्टेपल केलेली, आणि मोकळ्या जागेत, सहीच्या बरोबर वर, सरळ, ठसठशीत, जांभळा शिक्का.

"राहून गेला होता," ताई म्हणाल्या. "मी नव्हते ना त्या दिवशी. मारून टाकला."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. बावीस वर्षं त्या त्याच्याकडे होत्या. तोंडावर साधा, रोजचा भाव. त्यांना कळलं होतं की नव्हतं? पत्र त्यांनी वाचलं होतं, ते उघडच होतं, पाकीट जागचं हललेलं होतं. "ताई," तो म्हणाला.

"चहा टाकते," त्या म्हणाल्या. "आणि हे बघा डॉक्टर, तुम्ही काही केलेलं नाहीये. मी माझं रोजचं काम केलंय."

हे बरोबरच होतं. त्याने काही केलेलं नव्हतं. शिक्का मारायचा की नाही हा प्रश्न त्याच्यापुढून कुणीतरी ताट उचलून न्यावं तसा उचलला गेला होता, आणि त्याला भूक नव्हतीच असं आता म्हणता येत होतं. कागद तसाच पाकिटात गेला. वरच्या पत्रात त्याने लिहिलं, 'मूळ नोंद सोबत जोडली आहे.' खोटा शब्द एकही नव्हता.

सुनावणी कौन्सिलच्या चौथ्या मजल्यावर, तो सहा वर्षं बसायचा त्याच खोलीत होती. तक्रार आलेल्या दंतवैद्याची खुर्चीसुद्धा तीच. आधी तिथे फिरती खुर्ची होती. जबाब देताना लोक तिच्यावर हलत राहतात आणि कुरकुर आवाज येतो म्हणून याने ती बदलून चार पायांची लाकडी आणवली होती. बसल्यावर कळलं की तिची पाठ फार सरळ आहे. समोर तिघे. मध्ये अध्यक्ष, त्याचा वर्गबंधू, ज्याला कॉलेजात सगळे कवळी म्हणत, कारण तो ओठ न हलवता पुढचे दात दाखवून हसायचा. उजवीकडे निवृत्त मुख्याध्यापक, दंतवैद्य नसलेले म्हणून घेतलेले सदस्य. डावीकडे, खिडकीशी, एक तरुण डॉक्टरीण, जिला कमिटीच्या कामाचं शिक्षण त्यानेच दिलं होतं. शिवणकामवाल्या बाई बाजूच्या खुर्चीवर नवऱ्याशेजारी बसल्या होत्या. हातात घडी घातलेला रुमाल. दर मिनिटाला त्या तो ओठाच्या उजव्या कडेला लावत, ओलं असो वा नसो.

"आधी सांगतो," कवळी म्हणाला, "डॉक्टरसाहेबांनी पूर्वी या कमिटीवर काम केलंय. आम्ही ओळखतो त्यांना. बाई, तुमची हरकत आहे का?"

"हरकत म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे चालेल ना?"

नवरा म्हणाला, "चालेल, चालेल."

"हरकत नाही," कवळीने लिहून घेतलं. मग याच्याकडे वाकून हळूच, "आपलेच दात, आपलेच ओठ. काय करता." आणि हसला, ओठ न हलवता. याची नजर नकळत रुमालाकडे गेली.

बाईंना विचारलं तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. "डॉक्टर चांगले आहेत," त्या म्हणाल्या. काही अक्षरं ओठावरून घसरत होती. "दाढ काढली त्याबद्दल माझं काही नाही. मुंगी चावल्यासारखं म्हणाले, तेवढंच दुखलं. ओठाचं बोलले नाहीत. बोलले असते तर मी काढली नसती असंही नाही. काढलीच असती, ठणका सोसवत नव्हता. पण मग मला ठाऊक असतं."

"पण बाई, कागदावर तर आहे," मुख्याध्यापक समजुतीच्या आवाजात म्हणाले. वर्गात चुकलेल्या मुलीला फळा दाखवावा तसा त्यांनी कागद पुढे केला. "हे बघा. धोके समजावून सांगितले. आणि खाली तुमची सही. सही तुमचीच ना?"

"सही माझीच." त्या कागदावर वाकल्या. "हे जांभळं नव्हतं इथं."

"मी सांगत होतो हिला," नवरा म्हणाला. "वाचत नाही ही. सही कर म्हटलं की करते."

"नव्हतं इथं," त्या परत म्हणाल्या. "इथं मी टाचणी लावली होती. ती फोटोची चिठ्ठी सारखी सटकत होती, डॉक्टरांचं पिनांचं मशीन रिकामं होतं, म्हणून मी माझ्याकडची लावली. इथंच. बरोबर इथं."

"बरं, टाचणी," कवळी म्हणाला. "टाचणीचं राहू दे. ओठाबद्दल पुढे?"

डॉक्टरिणीने मात्र कागद हातात घेतला. आणि मग तिने ते केलं जे त्याने तिला शिकवलं होतं: खिडकीकडे वळून कागद उचलला. छातीपर्यंत उचलला. त्या एका क्षणात कागदाची मागची बाजू त्याच्याकडे आली आणि त्याने पाहिलं. पांढऱ्या कागदावर, बोटभर अंतरावर, दोन जांभळे ठिपके. टाचणी आत गेली ते भोक आणि बाहेर आली ते भोक. शाई त्यांतून मागे उतरली होती. टाचणी आधी, शिक्का नंतर. भोक आधीच नसतं तर शाई मागे आली नसती. चष्मेवाल्याच्या दोन काळ्या शाईंपेक्षा हे कितीतरी स्वच्छ होतं. त्याच्या आयुष्यात त्याने इतका स्वच्छ पुरावा पाहिला नव्हता, आणि क्षणभर त्याला, कमिटीवरच्या त्या जुन्या माणसाला, आनंदच झाला.

डॉक्टरिणीची नजर कागदावरून त्याच्याकडे आली. तिला एकदम भान आलं की आपण कुणाचा कागद उजेडात धरतोय. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "सॉरी सर," ती पुटपुटली आणि कागद खाली ठेवला. सरळ. शिक्का वर.

"डॉक्टर, तुम्हाला काही सांगायचंय?" कवळीने विचारलं.

खोलीत घड्याळ होतं, ते चार मिनिटं पुढे असायचं; अजूनही होतं. त्याला 'हो' म्हणायचं होतं. चष्मेवाला म्हणाला होता तसं, कोरडं, एका अक्षराचं. ते अक्षर जिभेपर्यंत आलं आणि त्याला स्पष्ट कळलं की त्यानंतर काय काय येतं: कोणतं वाक्य कोण लिहील, चौकटीत काय छापलं जाईल, ताईंना कुणी काय विचारेल, कोणाच्या दारात तो सिमेंटची बॅग घेऊन उभा राहील. बाई त्याच्याकडे बघत होत्या. रागाने नाही. अंगाला कपडा बसतो की नाही ते लांबून बघावं तशा, डोकं जरासं कलतं करून. त्यांना त्याच्याकडून एक ओळ हवी होती. ती द्यायला त्याला तोंड उघडावं लागलं असतं, एवढंच.

"जे आहे ते कागदावर आहे," तो म्हणाला.

मुख्याध्यापकांनी मान डोलावली. बाई बसल्या. रुमाल ओठाला लावला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. तक्रारीत तथ्य आढळले नाही. रुग्णांशी अधिक आत्मीयतेने बोलावे अशी समज देण्यात येत आहे. एक प्रत तक्रारदारास. ती प्रत कोण मोठ्याने वाचेल आणि वाचून झाल्यावर काय म्हणेल, ते त्याला ऐकू आलं. सोबत कवळीचं वेगळं पत्र होतं, मित्रत्वाचं. कमिटीत एक जागा रिकामी होतेय, नाही म्हणू नकोस. आणि आणखी एक: केसपेपर कसा असावा याचा नमुना आम्ही नव्या दंतवैद्यांना पाठवणार आहोत. तुझाच घेतलाय, बाईंचं नाव झाकून. इतकी नीट नोंद हल्ली बघायला मिळत नाही. मूळ कागद परत पाठवतोय. नमुन्याची एक झेरॉक्स जोडलेली होती. समोरच्या बाजूची. गुळगुळीत कागदावर शिक्का काळा आला होता, बाईंची सही रेघेखाली उतरत गेलेली, आणि टाचणीच्या जागी काहीही नव्हतं. त्याने झेरॉक्स उलटी करून पाहिली. कोरी.

मग त्याने मूळ कागद घेतला आणि खिडकीपाशी गेला. भोकांतून उजेडाचे दोन कण आले. त्याने कागद तोंडाजवळ नेला आणि खालच्या ओठाने ती जागा चाचपून पाहिली, उजव्या बाजूने. मागून एका भोकाच्या कडा किंचित वर आल्या होत्या, दुसऱ्याच्या आत दबल्या होत्या. सुईच्या अग्राएवढ्या. त्याला त्या लागल्या. दोन्ही, वेगवेगळ्या.

"डॉक्टर," ताई दारातून म्हणाल्या, "पेशंट बसवलाय. अक्कलदाढ आहे. आणि आज शिक्के मारून तयार ठेवलेत, तीस मारलेत."

त्याने कागद खणात ठेवला, हात धुतले. बसलेल्या मुलीने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. तिने विचारलं, "खूप दुखेल का?"

त्याने तोंड उघडलं.

"मुंगी चावल्यासारखं," तो म्हणाला.